गणिती आणि दर्दी

फराळाचे ताट बाजूला सारून बुद्धिबळाचा पट मांडणारी घरे आजही पुष्कळ आहेत. फरक पडला आहे तो एवढाच, की पूर्वी एखाद्या खेळीवरून वाद पडला म्हणजे सर्वांच्या नजरा आजोबांकडे वळत. आता त्या फोनकडे वळतात. फोनमधला तो पंच बहुतेक वेळा स्टॉकफिश नावाचा असतो. एक पैही न घेता तो निवाडा देतो आणि जगज्जेतेही तो मुकाट्याने मान्य करतात. ह्या पंचाच्या पोटात गेल्या काही वर्षांत एक मोठे भांडण होऊन गेले. बुद्धिबळाच्या वर्तुळाबाहेर त्याचा फारसा बभ्रा झाला नाही, म्हणून ह्या खेपेला तेच सांगण्याचे योजिले आहे.

भांडण दोन घराण्यांचे. एक गणित्यांचे, दुसरे दर्दींचे.

गणिती घराण्याचा मूळ पुरुष क्लॉड शॅनन. यंत्राने बुद्धिबळ कसे खेळावे ह्याचा निबंध ह्या अमेरिकन पंडिताने १९५० साली प्रसिद्ध केला. मी ही खेळी केली तर तो काय करील, मग मी काय करीन, असे पुढे पुढे पाहत जावे आणि जेथे थांबू तेथे पटावरच्या स्थितीला गुण द्यावेत, अशी त्याची रीत. प्याद्याला एक, घोड्याला नि उंटाला तीन, हत्तीला पाच, वजिराला नऊ. प्यादी एकामागे एक अडकली असतील तर थोडे गुण वजा. इंग्लंडात अ‍ॅलन ट्यूरिंगने ह्याच धर्तीची रीत कागदावर उतरवली होती. ती चालवील असे यंत्र हाताशी नव्हते, तेव्हा १९५२ साली तो स्वतःच यंत्र झाला! कागद पाहून, हिशेब करून, एकेका खेळीला अर्धा अर्धा तास घेत तो एका मित्राशी खेळला आणि हरला.

पुढे यंत्रे आली, वेग आला. १९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला आय.बी.एम.च्या डीप ब्लूने कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले, तेव्हा ते यंत्र सेकंदाला वीस कोटी स्थिती तपाशीत होते. रीत मात्र शॅननचीच.

आपला स्टॉकफिश ह्याच घराण्यातला. नॉर्वेच्या टॉर्ड रोमस्टाडने लिहिलेल्या कार्यक्रमावरून इटलीच्या मार्को कॉस्टाल्बाने २००८ साली तो सिद्ध केला. स्टॉकफिश म्हणजे सुका मासा. नॉर्वेत वाळवलेला आणि इटलीत शिजवलेला, म्हणून हे नाव. (कोकणातल्या वाचकांना ते विशेष आवडेल.) २०१३ पासून हौशी लोक आपापल्या घरचे संगणक त्याच्या सेवेला लावू लागले. एखादा नियम सुचला, की हजारो डाव खेळवून तो पारखायचा. टिकला तर ठेवायचा. राजापुढची प्यादी उठली तर इतके गुण कमी, मोकळ्या पट्टीवर हत्ती असेल तर इतके जास्त. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पटावर हरून जे शहाणपण मिळवले, ते असे एकेका ओळीने यंत्रात भरले गेले.

आणि २०१७ च्या डिसेंबरात लंडनच्या डीपमाइंड कंपनीने दर्दी घराण्याचा गवई मैफलीत आणून बसवला. त्याचे नाव अल्फाझीरो. त्याला कोणी काही शिकवले नव्हते. खेळाचे नियम तेवढे सांगितले आणि स्वतःशीच खेळत बसवले. त्याच्या आत मेंदूतील चेतापेशींच्या धर्तीवर रचलेले आकड्यांचे एक जाळे असते. प्रत्येक डावानंतर ते आकडे थोडे थोडे सरकतात. शिक्षण म्हणावयाचे ते एवढेच. स्टॉकफिशशी शंभर डाव झाले. अठ्ठावीस अल्फाझीरोने जिंकले, बहात्तर बरोबरीत सुटले, हरला एकही नाही. गंमत ही, की स्टॉकफिश सेकंदाला सात कोटी स्थिती पाहत होता, हा जेमतेम ऐंशी हजार. जाणता रसिक पहिल्या आलापालाच मान डोलावतो किंवा नाक मुरडतो, तसे ह्याचे जाळे स्थिती पाहताच सांगे, की विचार करण्याजोग्या खेळ्या ह्या दोन-तीन आणि आशा इतकी. बाकीचे पाहावयाचेच नाही.

गणित्यांनी तक्रार केली, की स्टॉकफिशला वेळ आणि स्मरणजागा नीट दिली नव्हती. तक्रार रास्त होती. पण पुढच्या वर्षी हजार डावांचा निकाल जाहीर झाला, त्यात अल्फाझीरो १५५ जिंकला आणि सहाच हरला. मग हौशी लोकांनी त्याच पद्धतीची लीला उभी केली आणि तिने २०१९ साली इंजिनांच्या टीसीईसी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात स्टॉकफिशला नमवले. लीलेचे दोष दोन: तिला महागडे ग्राफिक्स कार्ड लागे, आणि एकाच अरुंद वाटेने येणारी मात तिच्या कधी कधी नजरेआड होई. दर्दी माणूस दाराला कडी घालावयास विसरतो, त्यातला प्रकार.

दोन्ही घराण्यांची सोयरीक जुळली ती जपानमुळे. तेथे शोगी नावाचे बुद्धिबळ खेळतात. त्यासाठी यू नासू ह्यांनी २०१८ साली एक हलके जाळे बांधले. वाणी उधारीच्या वहीत नवी रक्कम मागल्या बाकीत मिळवतो, सबंध वही पुन्हा बेरजेला घेत नाही. तसेच हे जाळे एक मोहरे हलले तर तेवढाच फरक मांडते. (राजा हलला तर मात्र त्या बाजूचे पान नव्याने लिहावे लागते.) त्यामुळे साध्या संगणकावरही ते भराभर चालते. त्याचे आद्याक्षरी नाव जपानी दंतकथेतल्या माकडाचे डोके नि वाघाचे पाय असलेल्या ‘नुए’ प्राण्यावरची कोटी आहे. सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिशच्या बाराव्या आवृत्तीत हे जाळे घरात आले. चुरशीच्या ठिकाणी जाळ्याचे ऐकायचे, पारडे उघड एकीकडे झुकले असेल तर जुन्या नियमांचे, अशी वाटणी झाली.

ती टिकली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये १६.१ ही आवृत्ती निघाली, तीत माणसांनी लिहिलेले ते सर्व गुण-नियम काढून टाकलेले होते. पुढे मोजत जाण्याचे गणित राहिले, मोल ठरवण्याचे काम सर्वस्वी जाळ्याकडे गेले. ह्या भांडणात गणिती हरला नाही आणि दर्दीही हरला नाही; घराबाहेर पडली ती माणसाची शिकवण. नियम नेले म्हणून पंच दुबळा झाला नाही, हे कबूल केले पाहिजे. पण पूर्वी कोणी त्याचे पोट उघडून पाहिले, तर अमुक प्यादे उठले म्हणून इतके गुण गेले, असे वाचता तरी येई. आता आत कोट्यवधी आकडे आहेत आणि बाहेर एक आकडा येतो. घरातल्या दहा वर्षांच्या पोराने “पण का?” म्हणून विचारले, तर पंच आणखी चार खेळ्या दाखवतो. शब्द त्याच्यापाशी नाही.

पुढे कोण जिंकणार, असे वाचक विचारतील. मला हा प्रश्नच जुना झाला असे वाटते. स्टॉकफिशचे जाळे लीलेच्या डावांवर शिकले आहे. उलट २०२४ साली डीपमाइंडने एक खेळाडू दाखवला. तो पुढची एकही ओळ न मोजता, नुसत्या नजरेने ग्रँडमास्टरच्या तोडीचे झटपट डाव खेळला. पण त्याची तालीम एक कोटी डावांवर झाली होती आणि त्या डावांवर गुण घातले होते स्टॉकफिशने! कोण कोणाचा शिष्य, हे सांगणे कठीण. मोजणे काही जाणार नाही. सापळा मोजल्यावाचून कळत नाही. जाळी मात्र वाढत जातील. ह्या बड्या इंजिनांचे सरळ सुरू केलेले डाव आताच इतके बरोबरीत सुटतात, की स्पर्धेत त्यांना मुद्दाम एका बाजूला झुकलेली सुरुवात देऊन, बाजू बदलून दोनदा खेळवावे लागते.

माझे लक्ष आहे ते दुसऱ्याच एका प्रयोगाकडे. डीपमाइंडच्या संशोधकांनी २०२३ साली अल्फाझीरोच्या जाळ्यातून माणसांच्या डावांत न आढळणाऱ्या काही कल्पना हुडकून काढल्या आणि त्या चार अव्वल ग्रँडमास्टरांना शिकवून पाहिल्या. आधी कोडी घातली, मग यंत्राच्या खेळ्या दाखवल्या, मग त्याच जातीची नवी कोडी घातली. चौघांनाही दुसऱ्या खेपेला अधिक कोडी सुटली. शिकवणी झाली ती अशी, नुसता पट मांडून. त्या कल्पनांना नावे द्यावयाचे काम अजून पडून आहे.