इफ्रीताला जन्मानेच दुष्ट कुणी ठरवले?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अमेरिकन खेळ १९७४चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा. त्यात प्रत्येक पात्राला ‘अलाइनमेंट’, म्हणजे नैतिक कल, असतो. सुरुवातीला शिस्त, तटस्थता आणि अराजक एवढेच होते. १९७८च्या खेळाडू-पुस्तिकेत त्याला भले-बुरे जोडून नऊ रकाने झाले आणि परलोकाचा नकाशाही त्याच रकान्यांवर बेतला. शिस्तबद्ध भल्यांना सात थरांचा स्वर्ग, शिस्तबद्ध दुष्टांना नऊ थरांचा नरक, बेबंद दुष्टांना वेगळी खाई. आधी शिक्के, मग विश्व!

आता आपल्या घरातून नेलेले पात्र पाहा. २०१४च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये इफ्रीत ‘शिस्तबद्ध दुष्ट’ आहे. आगीच्या लोकात पितळेच्या शहरात राहणारा, गुलाम बाळगणारा. कुरआनातला इफ्रीत कोण? सूरह नम्लमध्ये तो हजरत सुलैमान (अलै.) यांच्या दरबारात आहे. सबाच्या राणीचे सिंहासन आणून देण्याची तयारी दाखवतो आणि आपण ताकदवान व विश्वासू असल्याचे सांगतो. सूरह जिन्नमध्ये तर जिन्न स्वतःच म्हणतात की आमच्यात नेकही आहेत आणि वाट चुकलेलेही. नियत ज्याची त्याची, हिशोबही ज्याचा त्याचा.

आगीपासून झाला म्हणजे अमुक, मातीपासून झाला म्हणजे तमुक, हा युक्तिवाद पहिल्यांदा कुणी केला? इब्लीसने. आदम (अलै.) यांच्यापुढे झुकायला नकार देताना.

कुणी म्हणेल, खेळच तर आहे, शिवाय खेळ चालवणाऱ्याला एखादा इफ्रीत सज्जन करायची मुभा आहे. ही मुभा आपल्या ओळखीची आहे. ‘तू त्यांच्यातला वाटत नाहीस’ हे वाक्य कौतुक म्हणून न ऐकलेला मुसलमान विरळाच. एकाला अपवाद म्हटले की बाकीच्यांवरचा शिक्का पक्का होतो. २०२० साली कंपनीलाच मान्य करावे लागले की ऑर्क आणि ड्राव यांचे चित्रण खऱ्या समाजांच्या बदनामीची आठवण करून देते.

आणि खामगावात बसून या खेळाची चर्चा कशाला? फासे टाकून तो खेळणारे इथे मला भेटलेले नाहीत. पण रकान्यांचा खेळ आपल्या बुलढाणा जिल्ह्याला परका नाही. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ साली रद्द झाला. तरी चोरी झाली की संशय आधी पारधी बेड्याकडे वळतो, आणि तो वळवणाऱ्यांत आपल्या मोहल्ल्यातले लोकही असतात.