गावी बाई स्वस्त मिळते म्हणे!

"बडोद्याचं घर विका, सांगलीकडे गावी जा, तिथे सांभाळायला बाई निम्म्या पैशात मिळेल." वर्षभर नातेवाईक हेच ऐकवतायत. हिला स्मृतिभ्रंश होऊन ४ वर्षं झाली. दिवसाच्या बाईला १४ हजार, रात्री मी. पेन्शनीत भागत नाही, खरंय. ७० च्या पुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळतं, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. घरच्या बाईचा त्यात एक रुपया नाही.

पण हिशेब तरी नीट करा की! दांडिया बाजारात ही दार उघडून निघाली, तर सूरसागर येण्याआधीच कुणीतरी "चालो काकी, घेर" म्हणत आणून सोडतं. गावी तिला ओळखतंय कोण? तिथे राखणीला दुसरी बाई लागेल, तिचे पैसे कुणी धरलेत? अंधारातही हिला इथली न्हाणी सापडते. नव्या घरात नाही सापडली की डायपर आले.

एक मानतो. हिची गुजराती गेली, मराठीच उरलीय आणि बाई गुजराती. (तीही आता "काकू, चहा घ्या" म्हणायला शिकलीय!)

सल्ले पुरेत. महिन्यातून दोन रात्री इथे येऊन झोपा, म्हणजे मलाही झोप लागेल.