शेजाऱ्याला आधी कळवा



बेंगळुरूत शेजारच्या प्लॉटवर काय उभे राहणार, हे बहुतेकांना जेसीबी दारात आल्यावरच कळते. बृहत् आराखड्यातील जागेचा वापर बदलायचा असेल, उदाहरणार्थ निवासीचा व्यापारी करायचा असेल, तर कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, १९६१ च्या कलम १४-अ प्रमाणे दैनिकात जाहिरात देऊन हरकती मागवाव्या लागतात. जाहिरात येतेही. बारीक टायपात अमुक होबळी, तमुक गाव, सर्व्हे क्रमांक, इतके एकर, इतके गुंठे. स्वतःचा पत्ता ‘चौथा मेन, सातवा क्रॉस’ असा सांगणाऱ्याला आपली गल्ली जुन्या कोणत्या गावाच्या कोणत्या सर्व्हे नंबरात येते, हे कसे कळावे? शिवाय ती जाहिरात आपल्या घरी येणाऱ्या वर्तमानपत्रातच असेल, याचा काय भरवसा? मुदत उलटते आणि ‘हरकत आली नाही’ अशी नोंद होते. ही शुद्ध फसवणूक आहे.

मंजुरी मिळून गेल्यावर भांडणे किती महागात पडते, याचा दाखला याच शहरात आहे. राजमहाल विलास एक्स्टेंशनमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा १९७६ साली खासगी नर्सिंग होमला देण्यात आली. रहिवासी न्यायालयात गेले. त्यांना दाद मागण्याचा अधिकार तरी आहे का, इथपासून वाद झाला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा’ या खटल्यात रहिवाशांचा अधिकार मान्य केला आणि जागा उद्यानाचीच ठरवली. वाटप ते निकाल, पंधरा वर्षे! इतकी वर्षे कोर्टकचेरी करण्याचे बळ किती वस्त्यांत असते?

महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात, कलम ३७ खाली, आराखड्यातील फेरबदलासाठी राजपत्रातील सूचनेबरोबरच बाधित व्यक्तींना नोटीस बजावणे आणि त्यांचे म्हणणे ऐकणे बंधनकारक आहे. तिथे अंमलबजावणीची बोंब असेलही, पण कलमावर बोट ठेवून जाब तरी विचारता येतो. इंग्लंडमध्ये साध्या बांधकाम-अर्जासाठीही जागेवर २१ दिवस फलक लावावा लागतो किंवा लगतच्या मालक-रहिवाशांना कळवावे लागते.

आपल्याकडेही शेजाऱ्यांना आधी कळवावे म्हटले की बिल्डर म्हणतात, शेजारी अडवणूक करतील, पैसे उकळतील. ही भीती अगदीच खोटी नाही. म्हणूनच शेजाऱ्याची संमती मागू नये. त्याला फक्त कळवावे आणि नियमांवर बोट ठेवणारी हरकतच विचारात घ्यावी. सेटबॅक किती सोडला, तळघर किती खोल खणणार, गाड्या कुठे उभ्या राहणार, सांडपाणी कुठे जाणार, हे प्रश्न नकाशा कागदावर असतानाच सुटतात. खड्डा खणून कंपाउंडची भिंत कलली की उरते ती पोलीस तक्रार. स्वतःच्या साइटवर नियमात बसणारे घर बांधणाऱ्याला सुनावणीचा त्रास नको, त्याला फलक पुरे.

पत्ते शोधण्याची सबबही चालणार नाही. मालमत्ता करासाठी प्रत्येक घराची नोंद पालिकेकडे आहेच. सप्टेंबर २०२५ मध्ये बृहत् बेंगळुरू महानगरपालिका जाऊन पाच महापालिका आल्या. नव्या कारभाराची घडी बसत असतानाच कलम १४-अ मध्ये दुरुस्ती व्हावी. लगतच्या प्रत्येक मालकाला लेखी नोटीस, भाडेकरूंनाही वाचता येईल असा कन्नड व इंग्रजी फलक जागेवर, त्यात सर्व्हे क्रमांकासोबत मेन आणि क्रॉसचा पत्ता. आणि नोटीस पोचल्याची पोच फाइलला नसेल, तर अर्ज पुढे सरकू नये.

— एक वाचक, मल्लेश्वरम, बेंगळुरू