इज्जत आणि हिमोग्लोबिन

रक्त कमी झाले की आपल्या मोहल्ल्यातला इलाज ठरलेला असतो: खजूर, बीट, डाळिंब आणि लोहाच्या गोळ्या. साध्या अशक्तपणात त्याचा उपयोग होतोही. पण एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाचे हिमोग्लोबिन अचानक पाच-सहावर येते, तेव्हा कारण फक्त ताटात शोधून भागत नाही.

क्षयरोग असू शकतो. एचआयव्हीवरचे झिडोव्ह्युडीन हे औषधही कधी रक्त घटवते. आणखी एक कारण मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: पार्व्होव्हायरस बी-१९. १९७५ मध्ये इव्हॉन कोसार्ट यांना लंडनमध्ये रक्ताचे नमुने तपासताना तो सापडला. लहान मुलांना होतो तेव्हा गाल लाल होतात, थोडा ताप येतो आणि शरीर प्रतिपिंडे तयार करून त्याला हटवते. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचली असेल, तर तो अस्थिमज्जेत ठाण मांडतो आणि तांबड्या पेशी जिथे जन्मतात तिथेच त्यांना मारतो. कारखानाच बंद, मग कच्चा माल पुरवून काय होणार?

नव्या तांबड्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, जवळपास नाहीशा झाल्या की डॉक्टरांना शंका येते. अशा रुग्णात प्रतिपिंडांची तपासणी फसवू शकते, म्हणून पीसीआर करतात. उपचारही आहे: गरजेप्रमाणे रक्त, नियमित एआरटी आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन. ते हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून बनते. त्या दात्यांची जात-मजहब कुणी विचारत नाही.

पण एचआयव्ही आहे हेच डॉक्टरांना ठाऊक नसेल, तर हे सुचणार कसे? आपल्याकडे इज्जतीपायी जुनी फाइल घरी ठेवून नव्या दवाखान्यात जातात आणि टॉनिक घेऊन परततात. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय ही माहिती फोडणे आणि एचआयव्हीमुळे उपचारात भेदभाव करणे, दोन्हींना त्यात मनाई आहे. सरकारी एआरटी २००४ पासून मोफत मिळते. पुण्यात ससूनला एआरटी केंद्र आहे. १०९७ या हेल्पलाइनवरही विचारता येते.

खाला-मामूंना सांगायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. डॉक्टरांना मात्र सांगावेच. दुआ जरूर करा, पण दवा बरोबर मिळायची तर मर्ज आधी कळायला हवा.