केशप्रत्यारोपण : दोन तंत्रांचा संयोग आणि आपले कर्तव्य

अलीकडे सव्वीस वर्षांचा एक तरुण आमच्या चिकित्सालयात आला. डोक्याच्या मागील भागावर पांढुरक्या ठिपक्यांची चाळण झाली होती. पुढील रेषेवर लावलेले केस टिकले होते. परंतु त्यांच्या पाठीमागचे मूळचे केस गळून मध्येच मोकळी जागा पडली होती. ती भरण्यासाठी मागे काढण्याजोगे केस उरले नव्हते. त्याच्या कागदांत तीन वर्षांपूर्वीची आमचीच चिठ्ठी निघाली. त्या वेळी आम्ही तेल व नस्य दिले होते आणि प्रत्यारोपणाविषयी त्याने विचारलेला प्रश्न हसण्यावारी नेला होता. उत्तर न मिळाल्याने तो जाहिरातीच्या मागे गेला. या दोषात आमचाही वाटा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

रोमकूपांचा रोध झाल्यावर तेथे नवीन केस उगवत नाहीत, ही खालित्याची संप्राप्ती सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात सांगितली आहे. डोक्याच्या मागील व बाजूच्या भागातील केस मात्र बहुधा टिकून राहतात आणि दुसरीकडे लावले तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. हे तत्त्व ऑरेंट्राइक यांनी १९५९ साली मांडले व त्यावरच आजचे प्रत्यारोपण उभे आहे.

केस काढण्याच्या पद्धती मुख्यतः दोन. एफयूटीमध्ये मागील त्वचेची अरुंद पट्टी काढून तिच्यातून केसांचे पुंजके वेगळे करतात. तेथे रेषेसारखा व्रण राहतो. एफयूईमध्ये सुमारे एक मिलिमीटर व्यासाच्या पोकळ शस्त्राने एकेक पुंजका काढतात. व्रण ठिपक्यांएवढे, परंतु विखुरलेले असतात. टक्कल विस्तृत असल्यास काही शल्यचिकित्सक दोन्हींचा संयोग करतात. पट्टी सर्वांत भरवशाच्या मधल्या भागातून घेतात आणि तिच्या वरच्या-खालच्या भागातून मोजके पुंजके एफयूईने काढतात. त्यामुळे एकूण केस अधिक मिळतात आणि कोणताही एक भाग उजाड होत नाही.

आमच्या मते हा संयोग युक्तीचा आहे. पण तो केवळ काटकसरीचा मार्ग आहे. दोन्ही तंत्रे एकाच कोठारातून धान्य काढतात. दोन दारे केली म्हणून कोठार मोठे होत नाही. विशीतल्या रुग्णाची केसगळती पुढे कोठवर जाईल हे ठरलेले नसताना ते रिकामे करणे म्हणजे बियाणे खाऊन टाकणे होय.

मग आपले काम कोणते? पहिले, निदान. पांडुरोग, थायरॉइडचा विकार, ज्वरानंतरची किंवा प्रसूतीनंतरची केसगळती यांत प्रत्यारोपणाचा प्रश्नच सहसा उद्भवत नाही. कारण दूर केले की केस बहुधा परततात. दुसरे, प्रामाणिक सल्ला. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात आणि पूर्ण परिणाम दिसण्यास वर्षभर लागते. हे ठाऊक नसलेला रुग्ण घाबरून आपल्याकडे धावत येतो. त्याला धीर द्यावा. व्रण भरेपर्यंत अभ्यंग वा लेप सुरू करू नये आणि शल्यचिकित्सकाची औषधे परस्पर बंद करू नयेत.

तिसरे, मर्यादापालन. २०२० च्या अधिसूचनेने दिलेली शस्त्रकर्माची मुभा शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तरांपुरती आहे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ साली आपल्या मार्गदर्शक सूचनांत, कार्यशाळा किंवा चित्रफिती पाहणे म्हणजे केशप्रत्यारोपणाचे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे स्पष्ट केले. चार दिवसांच्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून हाती शस्त्र घेण्याचा मोह आपल्या पदवीधर बंधूंनी टाळावा. पाठवलेल्या रुग्णामागे दलाली घेणे, हेही त्याच मोहाचे दुसरे रूप.

औषधालयांच्या मालकांनाही एक विनंती. औषध नियमावलीच्या परिशिष्ट ‘जे’मध्ये टक्कल या विकाराचा समावेश आहे, हे विसरू नये. भृंगराज तेल अवश्य विकावे. परंतु ‘टकलावर हमखास केस’ हा फलक उतरवावा. असल्या फलकामुळे शास्त्राचीच पत जाते.

त्या तरुणाला आम्ही नवीन तेल दिले नाही. उरलेले मूळचे केस जपण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविले व तीन वर्षांपूर्वी द्यावयाचे उत्तर दिले. ते वेळेवर दिले असते, तर त्याचे कोठार आज शाबूत असते.