परदेशी शिक्षणाची वाट दलालाच्या दारातून जात नाही



मुलाला परदेशी शिकवावयाचे तर प्रथम एखाद्या ‘कन्सल्टन्सी’चे दार ठोठावले पाहिजे, अशी समजूत आपल्या घराघरांत मूळ धरू लागली आहे. ही समजूत खोटी आहे. इतकेच नव्हे, ती आपणास आपल्याच हक्कावर पाणी सोडावयास लावते. म्हणून तिचा समाचार घेणे अवश्य आहे.

मालवण तालुक्यातील तोंडवली हे गाव डोळ्यांपुढे आणा. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास गड नदीची खाडी, आणि मध्ये तळाशीलपर्यंत गेलेली वाळूची चिंचोळी पट्टी. या गावातील एखाद्या बौद्ध मजुराची मुलगी पदवी परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाली, असे समजा. सरकारने तिच्यासाठी काय राखून ठेवले आहे, हे तिला कोण सांगणार? केंद्राचे मंत्रालय दिल्लीस, राज्याचे समाजकल्याण आयुक्तालय पुण्यास, जिल्ह्याची कचेरी सिंधुदुर्गनगरीस. तिच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचते ती एकट्या दलालाची जाहिरात. सरकार जेथे मुके राहते तेथे दलाल बोलू लागतो, हा या व्यवहाराचा सारांश आहे.

दलाल म्हणतो, “आमचा सल्ला मोफत आहे.” मग त्याच्या कचेरीचे भाडे कोण भरतो? ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा येथील पुष्कळ शिक्षणसंस्था दर विद्यार्थ्यामागे एजंटास दलाली देतात, आणि ती बहुधा पहिल्या वर्षाच्या फीच्या प्रमाणात असते. फी जितकी जास्त तितकी त्याची कमाई जास्त. अशा माणसास सल्लागार म्हणावयाचे की विक्रेता? सर्वच सल्लागार लबाड आहेत असे आमचे म्हणणे नाही. पण जो दुसऱ्याचे मीठ खातो, तो आपल्या मुलीचे हित प्रथम पाहील, ही अपेक्षाच भाबडी आहे.

आता आपला हक्क कोणता ते नीट ध्यानात घ्या. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ सालापासून चालू आहे. तिच्या वर्षाकाठच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध यांच्या ७५ विद्यार्थ्यांसाठी आहे. दोहोंस कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वार्षिक ८ लाख रुपयांची आहे. परंतु या शिष्यवृत्त्या कोणत्याही संस्थेस लागू होत नाहीत. जागतिक क्रमवारीत राज्याच्या योजनेस पहिल्या २०० मधील व केंद्राच्या योजनेस पहिल्या ५०० मधील संस्था लागते.

खरी मेख येथे आहे. जगातील कित्येक नामांकित विद्यापीठे दलालामार्फत विद्यार्थी घेतच नाहीत. ज्या विद्यापीठांत आपल्या मुलीची फी सरकार भरेल, त्यांपैकी कित्येकांत दलालास कवडी मिळणार नाही. आणि जेथे त्यास दलाली मिळते, तेथे पुष्कळदा शिष्यवृत्ती लागू होत नाही. मग तो कोणत्या विद्यापीठाचे नाव सुचवील? सरकारी खर्चाने शिकू शकणारी मुलगी अशा रीतीने कर्जाच्या खाईत लोटली जाते. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जास बँक बहुधा तारण मागते. आपल्यापैकी कितीजणांपाशी तारण ठेवण्याजोगी जमीन आहे? असलेले चार गुंठे सातबाऱ्यावर दहा भावंडांच्या नावे असतात. ते गहाण टाकून मिळवायचे काय, तर एखाद्या सामान्य महाविद्यालयाचा कागद!

याहून भयंकर प्रकार निराळाच आहे. एजंटाने दिलेली प्रवेशपत्रे बनावट निघाल्यामुळे अनेक भारतीय विद्यार्थ्यांवर कॅनडातून हद्दपारीची पाळी आल्याचे २०२३ साली उघडकीस आले. व्हिसासाठी बँकेत उसनी रक्कम ‘दाखवून’ देणारेही आहेत. ध्यानात ठेवा, फसवणूक सिद्ध झाल्यास ब्रिटन दहा वर्षांपर्यंत प्रवेशबंदी करू शकते. सही मुलीची असते, शिक्षाही तिलाच होते. एजंट नामानिराळा राहतो.

“पण आम्हांस इंग्रजी अर्ज लिहिता येत नाही, मग करावे काय?” असे आपण विचाराल. त्याचे उत्तर आहे. अमेरिकेची ‘एज्युकेशन यूएसए’ आणि जर्मनीची ‘डाड’ या सेवा त्या त्या देशांतील शिक्षणाविषयी दलालीवाचून माहिती देतात. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीच्या अर्जास पैसा पडत नाही. आपल्या महाराष्ट्रात राजू केंद्रे यांची एकलव्य इंडिया फाउंडेशन ही संस्था घराण्यात प्रथमच शिकणाऱ्या मुलांस अशा अर्जांसाठी मार्गदर्शन करते. केंद्रे स्वतः चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकले. जे त्यांनी केले ते मालवणात का होऊ नये?

नवदीक्षित कुटुंबांनी आणखी एक गोष्ट गाठीस बांधावी. बौद्ध झाल्याने हा हक्क जात नाही. १९५६ साली दीक्षा घेतलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांस केंद्राच्या सवलतींसाठी ३४ वर्षे झगडावे लागले. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. मात्र राज्याच्या जातप्रमाणपत्राचा नमुना वेगळा, केंद्राचा वेगळा. दोन्ही प्रमाणपत्रे, जात वैधता आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ही तयारी मूल पदवीच्या पहिल्या वर्षात असतानाच करावी. जाहिरात निघाल्यावर धावाधाव करणाऱ्याची मुदत हुकते, आणि हुकलेल्या मुदतीवर दलालाचे पोट भरते.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंडांवर. मुदत संपताच १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांस परतावे लागले. १९२० साली स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साह्य व मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते पुन्हा गेले आणि १९२३ साली त्यांनी डी.एस्‌सी. मिळविली. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना आपल्या विद्यार्थ्यांस सरकारी खर्चाने परदेशी पाठविण्याची व्यवस्था त्यांनी करविली. स्वतः सोसलेली अडचण दुसऱ्यास सोसावी लागू नये, म्हणून केलेली ती व्यवस्था होती. ती भीक नव्हे. तिची माहिती दलालाकडून विकत घेण्याची पाळी आपल्यावर का यावी?

म्हणून सरकारकडे आपली मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक तालुक्यात परदेशी शिक्षणाचे सरकारी मार्गदर्शन केंद्र हवे, जाहिरात वेळेवर हवी, आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याचे पैसे फीच्या मुदतीपूर्वी मिळाले पाहिजेत. आणि आपणही हात जोडून बसू नये. मुंबईत नोकरीस असलेल्या सुशिक्षित बांधवांनी सुटीत गावी आल्यावर विहारात दोन दिवस बैठक घालावी, मुलांचे अर्ज वाचावे, दुरुस्त करावे, कागद तपासावे. शिष्यवृत्तीवर परदेशी जाऊन आलेल्या प्रत्येकाने दोन मुलांचा हात धरावा.

उद्या कोणी एजंट दारी आला, तर त्यास एकच प्रश्न विचारा: “या विद्यापीठाकडून तुला काय मिळते?” त्याचे उत्तर लेखी मागा. ते मिळेपर्यंत त्याच्या कोणत्याही कागदावर सही करू नका.