ना सेवेत, ना मुक्त

गणवेश चढविलेल्या माणसाने अमली पदार्थाचे सेवन करावे आणि तरीही त्याच्या हाती बंदूक राहावी, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु त्याने सेवन केले की नाही, आणि केले असल्यास त्यास दलात ठेवावयाचे की घरी पाठवावयाचे, हे ठरविण्यास किती काळ लागावा, हा प्रश्न आपल्याकडे कचेरीतील किरकोळ तपशील समजला जातो. आम्हांस तो किरकोळ वाटत नाही. पालघरच्या वाचकांस तर तो मुळीच किरकोळ वाटू नये.

३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई एक्स्प्रेस पालघरच्या पुढे निघाली असता बंदोबस्तावरील रेल्वे संरक्षण दलाच्या एका शिपायाने आपले वरिष्ठ, सहायक उपनिरीक्षक टिकाराम मीणा, यांना आणि तीन प्रवाशांना गोळ्या घालून ठार केल्याचा आरोप आहे. पुढच्याच महिन्यात त्यास बडतर्फ करण्यात आले. मनात आणले तर निर्णय त्वरेने होऊ शकतो, हे त्यावरून दिसले खरे; पण त्याच वेळी हेही उघड झाले, की शिस्तभंगाची निदान तीन प्रकरणे त्याच्या नावावर आधीच नोंदलेली होती. त्यांतील एक २०१७ सालचे, उज्जैनचे. अमली पदार्थांचा आरोप येथे नाही आणि गुन्ह्याचा निवाडा न्यायालय करील. आम्ही विचारतो ते एवढेच : त्या नोंदी झाल्यानंतर या माणसाकडे बंदूक द्यावी काय, हा प्रश्न कोणी टेबलावर घेऊन निकालात काढला होता काय? शेरा मारणे आणि निर्णय करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आता अमली पदार्थांकडे वळू. मेफेड्रोन २०१५ साली बंदीच्या कायद्याखाली आले. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी याच जिल्ह्यातील नालासोपारा येथे त्याचा सुमारे ७०० किलो साठा पकडला. हे विष इतके जवळ असताना गणवेशातील तरुण त्यापासून अलिप्त राहील, असे गृहीत धरणे भाबडेपणाचे होईल. पंजाब सरकारने २०१८ साली पोलिसांसह सर्व सरकारी नोकरांच्या चाचणीचा आदेश काढला. आसामच्या मुख्यमंत्र्यांनी २०२३ साली मद्याच्या आहारी गेलेल्या सुमारे ३०० पोलिसांना स्वेच्छानिवृत्ती देण्याचे जाहीर केले. चाचणीची मागणी उद्या येथेही होईल, व ती रास्त असेल.

तथापि चाचणी झाली म्हणजे निर्णय झाला असे नव्हे. आपल्या घरी अनारशांवर जी खसखस लावतात, ती पुरेशी खाल्ली तर लघवीत अफूचा अंश सापडू शकतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या सैनिकांस खसखस टाळण्याची सूचना द्यावी लागली, हे ऐकून आमच्या सुगरणींस हसू येईल. पण ज्याची नोकरी त्या चिमूटभर दाण्यांवर लटकली असेल त्यास ते येणार नाही. म्हणून पहिल्या चाचणीनंतर दुसरी, अधिक काटेकोर तपासणी हवी, नमुना कोणाकोणाच्या हातून गेला याची नोंद हवी, आणि संबंधितास आपली बाजू मांडण्याची संधी हवी. एवढ्यास वेळ लागतो, आणि तो दिलाच पाहिजे.

आमचा आक्षेप आहे तो या सर्वांनंतर फडताळात पडून राहणाऱ्या कागदावर. राखीव दलात तर त्याला निमित्तच मिळते. अमेरिकेतील राखीव सैनिक एरवी आपला कामधंदा करतो आणि साधारणतः महिन्यातून एकदा शनिवार-रविवार कवायतीस जातो. तुकडी जमते महिन्याने, सही होते महिन्याने, एक कागद राहिला की आणखी एक महिना! सहा वर्षे सेवा झालेल्यास मंडळापुढे सुनावणीचा हक्क आहे. ते मंडळ बसेपर्यंत तो ना धड सैनिक, ना धड नागरिक. १९८१ साली ‘निमित्झ’ या युद्धनौकेवर विमान कोसळून १४ जण मृत्युमुखी पडले, मृतांपैकी काहींच्या शरीरात गांजाचे अंश आढळले, आणि तेव्हापासून तेथील चाचण्या कडक झाल्या. त्या कडकपणाशी आमचे भांडण नाही.

आपल्याकडे १९४९ साली उभी राहिलेली प्रादेशिक सेना याच प्रकारची. नोकरी सांभाळून तीत जाणारा बोईसरचा एखादा कामगार अशा चौकशीत सापडला तर त्याचे काय होईल, याचा विचार करावा. १९५० च्या सेना कायद्याप्रमाणे सेवेतून जाणाऱ्या शिपायास सेवेचा काळ व मुक्त करण्याचे कारण नमूद केलेला दाखला द्यावा लागतो, आणि तो इंग्रजीबरोबर त्याच्या मातृभाषेतही द्यावा लागतो. किती सुज्ञ तरतूद! त्या दाखल्यावरील एका शब्दाला किती मोल आहे, हे २००५ च्या खाजगी सुरक्षा कायद्यावरून कळते. गैरवर्तनासाठी बडतर्फ झालेल्यास कारखान्याच्या फाटकावरील पहारेकऱ्याचीही नोकरी त्या कायद्याने बंद आहे. साधी सेवामुक्ती मिळालेल्यास ती बंद नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत माजी सैनिकाला हेच काम पहिल्याने सुचते. कागद अडला, तर कोणता शब्द पदरी पडणार हेच त्यास कळत नाही.

नागरी सेवेत निलंबिताची हीच गत होती. दोषी ठरलेल्या निलंबित नोकरास अपील चालू असताना निर्वाहासाठी दरमहा एक रुपया देण्याचा नियम आमच्याच राज्यात होता. सर्वोच्च न्यायालयाने तो १९८३ साली रद्द केला. त्याच न्यायालयाने २०१५ साली दोनदा बजावले : आरोपपत्र दिले नाही तर निलंबन तीन महिन्यांपलीकडे नेऊ नये, आणि खातेनिहाय चौकशी शक्यतो सहा महिन्यांत, फार तर एका वर्षात संपवावी. लष्करातही त्याच वर्षी न्यायालयाने सांगितले, की चार लाल शेरे जमले एवढ्यावरून, प्राथमिक चौकशीवाचून, शिपायास घरी धाडता येणार नाही.

न्यायाचा आग्रह आणि वेळेचा आग्रह यांत विरोध आहे, असे अधिकारी मंडळी सुचवितात. आम्हांस तसे वाटत नाही. दुसऱ्या तपासणीस मुदत असावी, सुनावणीस असावी, आणि मुदत टळल्यास ज्याच्या टेबलावर कागद थांबला त्याने कारण लेखी द्यावे. तोवर शस्त्र काढून घ्यावे; निर्वाहाचे पैसे मात्र महिन्याच्या महिन्यास द्यावेत. आणि निर्णय झाला, की तो मराठीतला दाखला टपालाने नव्हे, त्याच दिवशी त्याच्या हाती पडावा, म्हणजे दुसऱ्या सकाळी तो बोईसरच्या फाटकावर काम मागावयास जाऊ शकेल, किंवा अपिलासाठी वकिलाकडे.